डाव्या चाकाचं सूप

शहापूर

मी चौथी शिकलेला माणूस आहे. काना-मात्रा चुकला तर वाचणाऱ्याने आपल्या मनात दुरुस्त करून घ्यावा, मला सांगायला येऊ नये. आमच्या भंडाऱ्याजवळच्या शहापूरचे लोक साकोलीपर्यंत जातात, काम उरकतात आणि परततात. तिथून आत, जंगलाच्या अंगाला काय आहे ते गल्लीत फार कोणाला ठाऊक नाही. मी जाऊन आलो. तिकडे माझी सासुरवाडीच आहे, पण इतकी वर्षं गेलो ते डोळे उघडे ठेवून गेलो नव्हतो. बाजूला बायको बोलत असायची आणि मी नुसता रस्ता पाहायचो.

बायको म्हणजे शेवंता. ती यंदा श्रावणात गेली. वैनगंगा चढली होती, रस्ते बंद होते. तिची मोठी बहीण भागरता, म्हणजे माझी आकडसासू, मातीला येऊ शकली नाही. पुढे पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, वेळी तीच पडली आणि पाय दुखावून बसली. आता तिला एसटीची पायरी चढवत नाही. फोनवर म्हणाली, "जवाई, मी तिले शेवटचं पाह्यलं नाही. तिचं घर तरी पाहू द्या. तिच्याच गाडीत न्या मले." मी म्हणालो, दिवाळी झाली की येतो.

तिची गाडी म्हणजे जुनी पांढरी मोटार. मी जन्मभर राईस मिलचा ट्रक चालवला. मालकाने कोपऱ्यात टाकून दिलेली ही गाडी मी शेवंतासाठी घेतली आणि घरीच दुरुस्त करत राहिलो. यंदा पुढच्या दोन्ही चाकांत ब्रेकचं तेल गळायला लागलं. ब्रेकचं ते लोखंडी जबडं असतं ना, चाकाच्या चकतीला चावून धरणारं, त्याला क्यालिपर म्हणतात. दोन्ही बाजूंचे क्यालिपर उतरवले, सगळे सुटे भाग एका घमेल्यात टाकून धुतले, नवीन रबरं घातली आणि परत बसवले.

हे केलं की नळ्यांत हवा शिरते. तेल दबत नाही, हवा दबते. म्हणून हवा राहिली तर पॅडल पोचट लागतं आणि गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीत बसून पॅडल दाबतो, दुसरा चाकाशी झोपून बारकं निपल ढिलं करतो. तेलाबरोबर हवा बाहेर येते. निपल कसल्याशिवाय वरच्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर तीच हवा परत आत. आमच्या घरी पॅडलवर शेवंता. मी खालून म्हणायचो "धर", ती वरून म्हणायची "धरलं". मी "सोड", ती "सोडलं". गल्लीतली पोरं आमची नक्कल करायची.

यंदा मी पॅडल आणि सीट यांच्यामध्ये बाभळीचा दांडा अडकवला. दांडा बोलत नाही. पॅडल पहिल्या दाबाला खाली जायचं, दुसऱ्या दाबाला लागायचं. ज्याचा ब्रेक असा लागतो त्याने घराबाहेर पडू नये. मी पडलो.

कारध्याचा पूल

भंडारा ओलांडून कारध्याच्या पुलापाशी गाडी कडेला लावली. या पुलावरून मी हजारदा धान नेलं असेल. कधी उतरून पाहिलं नव्हतं.

दिवाळीनंतरची वैनगंगा. पाणी एवढं रुंद आणि एवढं गप्प की माणसाने बोलू नये. काठावरच्या झाडांच्या पार वरच्या फांद्यांत पुराचा कचरा अडकलेला होता. चिंध्या, पऱ्हाट्या, कोणाच्या तरी छपराचं गवत. मी मान वर करून पाहत राहिलो. पाणी तिथपर्यंत होतं! माझ्या डोक्यावर आणखी दोन माणसं उभी केली असती तरी पोचली नसती. या नदीने एका बहिणीला दुसऱ्या बहिणीपासून अडवलं म्हणून मी तीन महिने तिला शिव्या देत होतो. तिथे उभा राहिल्यावर शिवी निघेना. एवढ्या मोठ्या गोष्टीवर काय रागावणार?

पुढे लाखनीनंतर दोन्ही बाजूंना लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिरा येणारा भारी धान अजून उभा होता. काचा खाली केल्या तर कापलेल्या धानाचा वास आत भरला. मी बाजूच्या सीटकडे पाहून म्हणालोसुद्धा, "वास घेतला का?"

तेवढ्यात गाई आडव्या आल्या. मी पाय मारला, पॅडल थेट खाली. दुसरा मारला, तोही खाली. गिअर पाडला, हातब्रेक ओढला, स्टिअरिंग कापलं आणि गाडीचं तोंड रस्त्याकडेच्या धानाच्या पुंजण्यात, रचलेल्या पेंढ्यांत, जाऊन बसलं. काचेवर नुसत्या लोंब्या. पुंजण्याच्या मागून एक बाई विळा घेऊन आली.

"काय जी म्हातारेबुवा, धान चुरायले गाडी आणली काय?"

"ब्रेक नाही लागला, माय."

"नाही लागत त घरी बसावं लागत होतं ना! आमचा बैल बी थांब म्हटलं त थांबते."

बोलली ते बरोबर बोलली. तिचं पुंजणं मी परत रचून दिलं. पेंढ्या उलट्या ठेवतो म्हणून ती पुन्हा रागावली, आणि निघताना ओंजळभर उकडलेले शिंगाडे माझ्या हातावर ठेवले. आमच्याकडे हमरस्त्यावर गाडी अशी कोणाच्या मालात घुसली असती तर आधी गर्दी जमली असती आणि मग माझी कॉलर धरली असती.

साकोली

गिअरमध्ये रांगत साकोली गाठली. दिवाळी होऊन गेली तरी बाजार अर्धा बंद. एक मिस्त्री नवा शर्ट घालून दुकानासमोर बसला होता. नव्या शर्टाने त्याने गाडीखाली काही डोकं घातलं नाही. स्टिअरिंग वळवून बाहेरूनच निपलला हात पोचवला, मला पॅडल दाबायला लावलं आणि थोडं तेल काढलं.

"काकाजी, मास्टर सिलिंडर गेला तुमचा."

"कायवरून?"

"अनुभवावरून."

"आता मिळंल?"

"दुकान उघडंल ना चार दिवसानं."

"तोवर मी काय करू?"

"दिवाळी करा."

मास्टर सिलिंडर म्हणजे पॅडलच्या पुढचा पंप, सगळ्या चाकांना तेल ढकलणारा. मी पॅडल दाबून तसाच बसून राहिलो. पंप खराब असता तर पाय हळूहळू खाली उतरला असता. पॅडल मऊ होतं, पण जिथं होतं तिथंच राहिलं. मी म्हणालो, "पंप साबूत आहे. हवा आहे कुठेतरी."

"हवा असती त बुडबुडा आला असता. आला का?"

नव्हता आला. खरं होतं त्याचं. तेल साफ येत होतं आणि पॅडल पोचट होतं. दोघंही त्या चाकाकडे पाहत राहिलो. शेवटी त्याने मला ब्रेक ऑइलची बाटली दिली आणि म्हणाला, "हळू जा. आणि काकाजी, उतारावर जाऊ नका."

सासुरवाडीला उतारावरूनच जावं लागतं.

सासुरवाडी

साकोलीहून आत वळलं की थोड्या वेळात जंगल लागतं. मी दुसऱ्या गिअरमध्ये बैलगाडीच्या चालीने जात होतो, म्हणून दिसलं. एरवी दिसत नाही. साग, ऐन, मोह. उन्हाचे तुकडे रस्त्यावर पडलेले आणि त्यातून एक मोर चालत गेला. तो घाईत नव्हता, मीही नव्हतो. इंजिन बंद केलं. एवढी शांतता होती की माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. घरी श्रावणापासून शांतताच आहे, पण ती वेगळी. घरची शांतता अंगावर येते. ही पाठीवर हात ठेवून उभी होती.

जंगल संपलं की तलाव. गावाला वळसा घालून तलावाची पाळ आहे, मातीची, ताडमाड उंच. रस्ता त्या पाळीवर चढतो, थोडा पाळीवरून जातो आणि पलीकडे एकदम गावात उतरतो. पाळीवर चढल्यावर मी पुन्हा थांबलो. तलावभर कमळं. मधूनमधून ढिवर लोकांचे डोंगे, शिंगाडे तोडणारी माणसं कमरेपर्यंत पाण्यात. पांढरे पक्षी उठले तेव्हा पाण्यातलं आभाळही उठलं असं वाटलं. ही पाळ कोणत्या काळात, कोणी, किती टोपल्या माती टाकून बांधली असेल? शेवंता याच पाण्यात पोहायला शिकली. मला सांगायची, मी हूं म्हणायचो.

गावात हातब्रेकवर उतरलो.

आमच्याकडे दुःखाच्या घरचा माणूस भेटला की बायका गळ्यात पडून आधी रडून घेतात, मग पाणी. मी त्याच तयारीने गेलो होतो. भागरताबाई काठी टेकत दारात आली, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ गाडीपाशी गेली. बाजूचं दार उघडून सीटवर हात ठेवला.

"इथं बसे काय?"

"इथंच."

"बरं." तिने दार लावलं. "मी इथं नाही रडत, जवाई. तिच्या घरी रडीन. या, पाय धुवा."

जेवायला तांदळाची भाकर, कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानाच्या वड्या आणि वांग्यात झिंगे. आमच्या शहापुरात आता गव्हाची पोळी घरोघर शिरली, भाकर पाहुण्यापुढे ठेवायची लाज वाटते. इथे तीच मानाने वाढली. मी आधाशासारखा जेवलो. खूप दिवसांनी कोणी तरी "आणखी घ्या" म्हणत होतं.

जेवताना तिच्या मुलाने, मनोहरने, विचारलं, "मावसाजी, गाडीच्या तोंडात धान कसा?"

मी खोटं बोलत नाही. सांगितलं.

त्याने हात धुतला. "तुमी मोठे आहा, म्हणून हात जोडून सांगतो. या डब्यात आईले नाही बसवत मी. पाळीचा उतार पाह्यला ना? आईचा पाय गेला तेवढं पुरे झालं. मान नाही जाऊ देत."

"मान माही आहे," भागरताबाई म्हणाली.

"तू चूप बस, आई."

"माही एकच बहीण होती रे. तिची माती नाही दिसली, घर बी नको दिसू देऊ."

मनोहर वाईट माणूस नाही. आईवर जीव आहे म्हणून कठोर बोलत होता. शेवटी म्हणाला, "पाळीच्या उतारावर पहिल्या दाबात गाडी थांबवून दाखवा. थांबली त उद्या न्या. नाही थांबली त नाव नका काढू."

पाळ

सकाळी अंगणात गाडी जॅकवर चढवली, चाकांना दगड लावले. मनोहर भारी धानाला शेवटचं पाणी द्यायला पाळीवर गेला होता. पॅडलवर कोण?

"मी बसतो," भागरताबाई म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बाया असंच बोलतात, मी बसतो, मी जातो.

"तुमचा पाय?"

"डावा दुखते. उजवा चांगला आहे. कोणतं दाबू?"

"मधलं."

जन्मात स्टिअरिंगला हात न लावलेली बाई लुगडं सावरून बसली. मी चाकाशी आडवा झालो आणि म्हणालो, "धर."

वरून आवाज आला, "धरलं."

तोच आवाज. शेवटच्या अक्षरावर तसाच जोर. दोघी एका घरच्या, आवाज सारखा असणारच, मला काय ते माहीत नव्हतं? तरी हातातला पाना हातात राहिला. आभाळ दिसत होतं, त्यात एक घार फिरत होती आणि शेवंता पॅडल धरून बसली होती.

"जवाई, झोपले काय जी?"

"नाही, नाही. सोड."

"सोडलं."

चारही चाकं केली. तेल स्वच्छ, बुडबुडा नाही, पॅडल पोचट. मागचे ब्रेक आवळून पाहिले, तसंच. रबरी नळ्या हातात धरून पॅडल दाबायला लावलं, कुठे फुगत नव्हत्या. पुन्हा सगळं केलं. बाटलीतलं तेल अर्ध्यावर आलं. भागरताबाई घामाने निथळली होती, पण उतरेना. मलाच तिच्याकडे पाहवेना. पाणी पिऊन येतो म्हणालो आणि पाळीवर गेलो.

पाळीवर मनोहर एका लांब पाइपाशी झोंबत होता. इकडची लोकं तलावाचं पाणी पंपाशिवाय खाली शेतात उतरवतात. पाइपाचं एक तोंड तलावात, मध्ये पाइप पाळीवरून कमान करून येतो, दुसरं तोंड खाली धानाच्या बांधीत. एकदा पाणी ओढलं गेलं की आपोआप वाहत राहतं. आज वाहत नव्हतं.

"हवा धरली," मनोहर म्हणाला. त्याने पाइपाची दोन्ही तोंडं बंद केली. मग कमानीच्या अगदी माथ्यावरची लाकडी खुंटी उपटली. तिथे भोक होतं. त्या भोकातून तो पाणी ओतू लागला आणि त्याच भोकातून हवा फुस्स करत निघू लागली.

मी सहज विचारलं, "भोक इतकं वर काहून पाडलं? खाली पाडलं असतं त उभं राहून काम झालं असतं."

तो हसला. "हवा खाली कायले येईल, मावसाजी? ते त वरच बसून राहते."

मी तिथेच उभा राहिलो. त्याने खुंटी ठोकली, तोंडं सोडली. पाणी पाळ चढून आलं आणि पलीकडे उतरलं. एवढी मोठी पाळ कोणाचा हात न लागता पाणी चढून गेलं! मी ते पुरतं पाहिलंसुद्धा नाही. पळत खाली आलो.

गाडीखाली डोकं घातलं. पुढच्या डाव्या चाकाचं निपल क्यालिपरच्या खालच्या टोकाला होतं. उजव्याचंही खालच्या टोकाला. निपल वर असतं. ते वरच असलं पाहिजे, कारण हवा वर बसते. डावा क्यालिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लागला होता. दोन्ही दिसायला सारखे, दोन्हीकडे बसतात. मी खालून साफ तेल काढत होतो आणि हवा वर आरामात बसली होती.

असं माझ्याकडून कधी झालं नव्हतं, आणि का झालं नव्हतं ते मला मातीत पडल्या पडल्या समजलं. शेवंता डाव्या चाकाचे भाग सुपात ठेवायची आणि उजव्या चाकाचे टोपलीत. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तांदूळ आणि कणी वेगळी ठेवायची सवय, तशी ठेवायची. मी म्हणायचो, सुपाला तेल लागते. ती म्हणायची, लागू द्या. यंदा मी सगळं एका घमेल्यात टाकलं.

क्यालिपर अदलाबदल केले. भागरताबाई पुन्हा पॅडलवर चढली. "धर." "धरलं." निपल ढिलं करताच नळीतून जी फसफस निघाली! मोठाले बुडबुडे, एकामागे एक. मी ओरडलो. शेजारची माणसं धावली, त्यांना वाटलं गाडी अंगावर पडली. चिमूटभर हवा होती हो ती. मुठीत धरली तर कळणार नाही एवढी. तेवढ्या हवेने एवढं लोखंड ऐकेनासं केलं होतं.

"जवाई," वरून आवाज आला, "आता हे खाली जातच नाही. बिघडलं काय?"

"नाही बाई. सुधरलं."

दुपारी पाळीवर गाडी चढवली. मी एकटाच जाणार होतो, पण भागरताबाई आधीच सीटवर जाऊन बसली होती. मनोहर उताराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

"बाजूले हट ना बे!" मी ओरडलो.

"कायले? थांबवा ना तुमी!"

गाडी सोडली. उतारावर वेग आला. मी एकदा, एकदाच पाय ठेवला. गाडीने मान खाली घातली आणि मनोहरपासून चांगली लांब उभी राहिली. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. घरी गेला आणि आईचं गाठोडं आणून मागच्या सीटवर ठेवलं.

परत

येताना त्या बाईच्या शेतापाशी हॉर्न वाजवला. तिने विळा वर केला. कारध्याला भागरताबाईने थांबायला सांगितलं. काच खाली करून ती पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

"हेच पाणी काय?"

"हेच."

"केवढं आहे वो माय," ती म्हणाली. बस, एवढंच.

घरी पोचलो. ती कोणाचा हात न धरता उंबरा ओलांडून आत गेली. चूल पाहिली, मांडणी पाहिली, खुंटीवरचं लुगडं पाहिलं. रडली नाही. मला वाटलं, वाटेतच आटलं असेल. मग भिंतीवरचं सूप तिला दिसलं.

"सुपाले हे काळं काय लागलं?"

"डाव्या चाकाचं आहे," मी म्हणालो. आणि सांगितलं तिला सगळं.

तिने सूप खाली काढलं. चुलीपुढे बसली, सूप मांडीवर घेतलं, त्या काळ्या डागावरून हात फिरवला आणि मग तिचा आवाज फुटला. आमच्या बाया शब्दांत रडतात. तलावातल्या कमळांपासून ती सुरू झाली. दोघींची एकच फणी, शेवंता लग्न होऊन गेली तो दिवस, अडवलेला रस्ता, सगळं. गल्लीतल्या बाया एकेक करून येऊन बसल्या.

मी दाराशी उभा होतो. श्रावणापासून उभाच आहे.

रडता रडता तिने मान वर केली. "अन् टोपली कुठी आहे?"

मी कोनाड्यातून टोपली आणली. ती तिच्यापुढे धरली, तर तिने मांडीवरचं सूप दोन्ही हातांनी कवटाळलं आणि मला शेजारची जागा दाखवली.

"माह्या हाती एक आहे. ते तुमी धरा."

मी खाली बसलो. टोपली मांडीवर घेतली.

"धरलं," मी म्हणालो, आणि मग मलाही रडू आलं.